दोनदा पाठवलेला डबा

"मॅडम, याचा वास किती वेळ राहतो?" लिंडाने विचारलं.

मी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर चंदेरी पाउच फोडून बसले होते. आत बांगड्याचं तिखलं होतं, म्हणजे तिरफळ हा आमच्याकडचा उग्र वासाचा मसाला घातलेलं दाटसर कालवण. शेजारी आमचे फॅक्टरी मॅनेजर कदम साहेब नाकाला रुमाल लावून उभे होते. लिंडा अमेरिकेत. अंतराळ स्थानकाला सामान पोचवणाऱ्या एका खासगी कंपनीत खाण्यापिण्याचं खातं तिच्याकडे.

"किती वेळ म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे असं, की तिथे खिडकी उघडता येत नाही."

कदम साहेब रुमालाआडून म्हणाले, "तिला सांगा, आम्हाला इथे खिडकी उघडता येते तरी राहवत नाही."

हे मी इंग्रजीत सांगितलं नाही.

मी फूड टेक्नॉलॉजिस्ट. रत्नागिरीच्या एमआयडीसीतल्या एका कॅनिंग फॅक्टरीत माझी सगळी नोकरी गेली. आंब्याचा पल्प, आंबापोळी, कोकमाचं सरबत, फणसाचे गरे. जन्माने शाकाहारी. बांगडा मी बाजारात लांबून पाहिला होता. तो अंतराळात पाठवायचं काम माझ्याकडे कसं आलं, ते आधी सांगते.

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्थानकावर माणसं महिनोन् महिने राहतात. त्यांना लागणारं सगळं, अन्न, कपडे, प्रयोगांचं सामान, यंत्रांचे सुटे भाग, खालून पाठवावं लागतं. त्यासाठी मालवाहू यानं असतात. त्यांत माणूस बसत नाही. यान रॉकेटवरून सुटतं आणि स्थानकाचा पाठलाग करत जवळ जातं. काही यानं स्वतःच जाऊन जोडली जातात, काहींना स्थानकाचा लांब यांत्रिक हात पकडून घेतो. आजकाल ही वाहतूक खासगी कंपन्या कंत्राटावर करतात. आपल्याकडे माल घेऊन ट्रक सुटतात तसंच, फक्त वाटेत हातखंब्याच्या नाक्यावर चहा नाही.

वर राहणाऱ्या प्रत्येकाला ठरलेल्या जेवणाशिवाय थोडे आवडीचे पदार्थ मागवता येतात. तेव्हा स्थानकावर अभय मयेकर होता. रत्नागिरीजवळच्या भाट्ये गावचा मुलगा. इथे शिकला, इंजिनिअर झाला, परदेशात गेला, तिथलाच झाला आणि शेवटी पृथ्वीच्याही बाहेर गेला. आवडीच्या पदार्थात त्याने एकच गोष्ट लिहिली होती. आईच्या हातचं बांगड्याचं तिखलं.

एरवी त्याला नाही म्हणून सांगितलं असतं. पण अभयचं वजन उतरत होतं. वर गेल्यावर अंगातलं पाणी डोक्याकडे सरकतं, नाक सर्दी झाल्यासारखं चोंदतं, चव कळेनाशी होते. पाकिटातलं तेच तेच जेवण नकोसं होतं. बऱ्याच जणांचं असं होतं, पण अभयचं जरा जास्तच होत होतं आणि त्यांचे डॉक्टर काळजीत होते. म्हणून लिंडाने रत्नागिरीत कोणाकडे रिटॉर्ट आहे याची चौकशी केली आणि ती आमच्यापर्यंत पोचली.

रिटॉर्ट म्हणजे मोठा प्रेशर कुकर. पदार्थ पाउचमध्ये सीलबंद करून त्यात घालायचा आणि उकळत्या पाण्यापेक्षा बराच जास्त तापवायचा. आतले जंतू मरतात. मग तो पाउच फ्रीजशिवाय वर्षभर टिकतो.

कदम साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "माझ्या पल्पच्या लाइनवर बांगडा चढणार नाही. एक्स्पोर्टच्या गिऱ्हाइकाला हापूसमध्ये मासळीचा वास आला तर मी कुठे तोंड लपवू?"

"लॅबमधला छोटा रिटॉर्ट वापरते, साहेब. आंब्याचा सीझन सुरू व्हायच्या आत संपवते."

"आणि चव कोण बघणार? तुम्ही?"

याचं उत्तर भाट्याला राहत होतं.

विजयाताई, म्हणजे अभयची आई, यांनी मला ओसरीवर बसवलं, पन्हं दिलं आणि मी वजनकाटा पिशवीतून बाहेर काढल्यावर हसायला लागल्या. "मॅडम, तिखल्याला कसलं ओ माप? बांगडे बघायचे, किती मोठे आहेत, त्यावर ठरवायचं."

"मला लिहून पाठवावं लागेल ताई. ते लोक ग्रॅममध्ये विचारतात."

"मग मी करते, तुम्ही मोजा. मी हातात घेईन ते आधी तुमच्या काट्यावर ठेवीन. चालेल?"

चालण्यासारखंच होतं. त्यांचे यजमान, मयेकर काका, मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. ते खुर्चीतून म्हणाले, "हिला फॅक्टरीतच घेऊन जा. घरात बसून ती नुसती आकाशात बघते."

विजयाताई फॅक्टरीत आल्या. डोक्यावर जाळीची टोपी, अंगात पांढरा कोट, पायात गमबूट. आरशात बघून म्हणाल्या, "अभ्याच वर गेलाय की मी?"

पहिली ट्रायल साफ फसली. रिटॉर्टमधून काढलेला पाउच कापला तर बांगड्याचा लगदा झालेला आणि कालवण कडूजहर. हे सगळं मला विजयाताईंच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि नम्रपणे म्हणाल्या, "मांजर खाईल."

कडूपणा तिरफळाचा होता. घरी तिरफळ ठेचून अगदी शेवटी टाकतात, एक उकळी आली की गॅस बंद. रिटॉर्टमध्ये 'शेवटी' असं काही नसतंच. जे आत गेलं ते पूर्ण वेळ शिजणार. म्हणून मी तिरफळं पातळ कपड्यात बांधून आधी वाटणात मुरवली आणि पाउच भरण्यापूर्वी पुरचुंडी काढून घेतली. वास उतरला, कडूपणा राहिला नाही. बांगड्याचे काटे काढून तुकडे मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवले की मांस घट्ट होतं. मग ते फुटेना. काटा एकही राहता कामा नये, कारण तिथे घशात अडकला तर दवाखाना नाही. आणि कालवण दाटच हवं. दाट पदार्थ चमच्याला चिकटून राहतो, पातळ असेल तर थेंब होऊन हवेत फिरायला लागतो.

तिसऱ्या ट्रायलला विजयाताईंनी चमचा चाटला आणि परत पाउचमध्ये घातला. मी ओरडले, "ताई, तो चमचा परत आत नाही घालायचा!"

"सँपल ना? मग आता ते माझंच," असं म्हणून त्यांनी पाउच संपवला. ट्रायल पास झाली असं मी लिहिलं.

राहिला वास. त्यांच्याकडे यासाठीसुद्धा चाचणी असते. बंद खोलीत काही जण बसतात, पदार्थ उघडतात आणि हुंगून मार्क देतात. पाउच तिकडे गेले. निकाल सांगताना लिंडा हसत होती. "काठावर पास. एकीने शेऱ्यात लिहिलंय, वास जोरदार आहे, पण भूक लागली."

मी ते विजयाताईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "शहाणी आहे ती. तिचं नाव काय?"

यान सुटलं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ होती. मयेकरांच्या हॉलमध्ये अर्धी वाडी जमली होती. कदम साहेबही आले होते, आंबापोळीचा डबा घेऊन. टीव्हीवर धूर, ज्वाळा, रॉकेट वर. विजयाताईंनी हात जोडले. काकांनी घड्याळ बघितलं आणि इंजिन बरोबर चाललंय असं जाहीर केलं, जणू ते खाली इंजिनरूममध्येच उभे होते. रॉकेटने काम चोख केलं, यान कक्षेत सुटलं, आम्ही पेढे खाल्ले.

दोन दिवसांनी लिंडाचा फोन आला. तिने नेहमीसारखं "मॅडम, कशा आहात" विचारलं नाही.

यानाचं मुख्य इंजिन पेट घेत नव्हतं. ज्या कक्षेत सुटलं त्याच कक्षेत ते फिरत राहिलं. खालून लोकांनी सगळे उपाय करून पाहिले. स्थानकाच्या उंचीपर्यंत ते पोचणार नव्हतं. अशा यानाला जवळ जाऊ देणंही धोक्याचं, कारण धडकलं तर माणसं जातील. छोट्या इंजिनांवर त्याला मोकळ्या समुद्रावर खाली आणून वातावरणात जाळून टाकायचं ठरलं होतं.

"वर खायला आहे ना?" मी विचारलं.

"आहे. राखीव साठा असतो, उपाशी कोणी राहणार नाही. पण आवडीचं काही नाही. सॉरी मॅडम."

हे सांगायला मी फोन केला नाही, भाट्याला गेले. विजयाताई पडवीत कोकमं फोडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"आत माणूस होता काय कोण?"

"नाही ताई. या यानात माणूस नसतोच."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या. "बांगडे काय, परत आणू." आणि परत कोकमं फोडायला लागल्या. थोड्या वेळाने पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, रस उडाला.

काका म्हणाले, "आमचं जहाज बंदराबाहेर नांगर टाकून असायचं. किनाऱ्यावरून स्टोअर्सची बोट यायची. ताजी भाजी, मटण, सिगारेटी. बोट लांबून दिसली की सगळे रेलिंगला. कधी समुद्र खवळला की बोट अर्ध्यातून मागे फिरायची. डोळ्यांदेखत. मग कुक जाऊन डाळभात लावायचा." मग म्हणाले, "ते पोर आज रेलिंगला असेल."

पुढचं यान दुसऱ्या कंपनीचं होतं. लिंडाने धावपळ करून त्यात अभयच्या डब्यासाठी जागा मिळवली. पण माल तिच्याकडे लवकर पोचायला हवा होता. आणि तोवर आमच्याकडे पावसाळ्यातली मासेमारीबंदी लागली होती. होड्या किनाऱ्यावर ओढून नारळाच्या झापांखाली झाकलेल्या. ताजा बांगडा मिळणं शक्य नव्हतं.

"कोल्ड स्टोरेजमधला घ्या," कदम साहेब म्हणाले. "फ्रोझन. त्या पोराला काय कळतंय, नाक तर चोंदलेलं."

मी तसा आणला. ट्रायल घेतली. विजयाताईंनी एक घास खाल्ला आणि पाणी प्यायल्या.

"ताई, सुरक्षित आहे हा. मी तपासलाय."

"सुरक्षित आहे, होय. पण हा मी केलाय असं अभ्याला वाटणार नाय. त्याला वाटेल आई दमली."

यावर कुठलाही टेस्ट रिपोर्ट चालत नाही.

त्याच आठवड्यात अभयचा फोन आला. स्थानकावरून घरी फोन करता येतो. आवाज जरा थांबून थांबून येतो, एवढंच. मी तिथेच होते. विजयाताईंनी स्पीकर लावला.

"आई, नको त्रास घेऊ. काहीही पाठव. खरंच."

"काहीही म्हणजे काय? काहीही हा काय पदार्थ आहे? नाव सांग."

वरून हसण्याचा आवाज आला. मग अभय म्हणाला, "पावसाळ्यात मासे नसले की तू काय करायचीस?"

विजयाताई माझ्याकडे बघायला लागल्या. "पिठी," त्या म्हणाल्या.

कुळथाची पिठी. हे ऐकून सगळ्यात जास्त आनंद मला झाला. कारण इतके महिने मी जे तिखलं पास-नापास करत होते, ते एकदाही चाखलं नव्हतं. पिठी मी लहानपणापासून खाते.

तिथूनच भांडण सुरू झालं.

"लसूण?" मी म्हणाले. "पिठीत लसूण? आमच्याकडे हिंग आणि आमसूल."

"तुमच्याकडे करा ना तशी. ही अभ्याची आहे. लसूण ठेचून, चरचरीत फोडणीत."

"पण ताई, लसणाने कुळथाचा वास मरतो."

"मरत नाय. जोडीला येतो."

कदम साहेब दारातून म्हणाले, "मॅडम, कस्टमर स्पेसिफिकेशन." आणि निघून गेले. लसूण राहिला.

पण पिठी रिटॉर्टमध्ये चालेना. गार झाली की पाउचमध्ये तिची वीट व्हायची. कापून बांधकामाला वापरावी अशी. मग सुकं पीठ पाठवायचं ठरलं. स्थानकावर गरम पाणी मिळतं, पाउचला एक झडप असते, तिच्यातून पाणी आत सोडायचं, बाहेरून चोळायचं. आम्ही भाजलेलं पीठ, फोडणीचा मसाला, आमसुलाची पूड एकत्र करून बघितलं. गुठळ्या झाल्या. घरी आपण एका हाताने पीठ सोडतो, दुसऱ्या हाताने ढवळत राहतो. बंद पाउचमध्ये ढवळणार कसं?

आंबापोळीच्या ड्रायरसमोरून जाताना मला सुचलं. आंब्याचा सीझन संपला होता, ड्रायर रिकामा होता. आम्ही पिठी आधी पूर्ण शिजवली, अगदी जेवायला वाढतात तशी. ती ट्रेमध्ये पातळ पसरून सुकवली आणि मग दळली. शिजलेलं पीठ गुठळी धरत नाही. पाणी ओतलं, पाउच चोळला, कापला. वाटीत पडली ती पिठी होती. वाफेला फोडणीचा वास होता.

मी चाखली. मग विजयाताईंनी चाखली. मी परत चमचा घातला.

"लसूण लागतोय ना?" त्यांनी विचारलं.

"लागतोय."

"आणि?"

"बरा लागतोय," मी म्हणाले. नोकरीत खरं ते लिहावं लागतं.

लिंडाला एक शंका होती. ती जरा चाचरत बोलली. "मॅडम, हे कडधान्य आहे. पोटात... म्हणजे, स्थानक लहान आहे. हवा तीच तीच फिरते."

मी विजयाताईंना मराठीत सांगितलं. त्या कॅमेऱ्यासमोर वाकून मराठीतच म्हणाल्या, "हिंग घातलाय म्हणावं. तुमच्यापेक्षा मला काळजी आहे."

हिंग म्हणजे काय हे लिंडाला समजावण्यात बराच वेळ गेला. पण पुढे तिच्या डॉक्टरांनी परवानगी दिली.

हे यान सुटलं तेव्हा हॉलमध्ये मोजकीच माणसं होती. विजयाताईंनी पेढे आणले नव्हते. काकांनी इंजिनाबद्दल अवाक्षर काढलं नाही. यान कक्षेत गेलं, तेव्हाही आम्ही चहा घेऊन घरी गेलो. स्थानकाजवळ ते पोचायच्या दिवशी मात्र मी कामावरून थेट भाट्याला गेले. टीव्हीवर एक पांढरं पिंप काळ्या आकाशात इंच इंच पुढे येत होतं. यांत्रिक हात त्याच्याकडे वळला, थांबला, परत वळला. इतकं सावकाश, की बघणाऱ्याला आपणच ढकलावंसं वाटतं.

"धर, धर," विजयाताई पुटपुटत होत्या.

हाताने यान धरलं. काका उठले, खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

सामान उतरायला वेळ लागतो. आधी प्रयोगांचं, मग बाकीचं. काही दिवसांनी अभयने व्हिडिओ कॉल केला. विजयाताईंनी मलाही बोलावून घेतलं होतं. पडद्यावर तो आडवा तरंगत होता. सुजलेला चेहरा, केस सगळीकडे. हातात आमचा पाउच. रिकामा.

"खाल्लीस?" विजयाताईंनी विचारलं.

"आई, कसली झाली होती ग! पाणी सोडल्याबरोबर वास सुटला. पहिल्यांदा काहीतरी वास आला मला इकडे." मग त्याने पाउच कॅमेऱ्यासमोर उलटा धरला. "हा शेवटचा होता."

"शेवटचा? महिनाभर पुरतील एवढे दिले होते मी."

"एक दिला आमच्यातल्या जपानी केनजीला. तो म्हणाला, आमच्याकडच्या सूपसारखं आहे. मग त्याने परत मागितला. मग बाकीचे आले. वास सगळीकडे गेला ना, कोणाला नाही म्हणू? शनिवारी सगळे मिळून टेबलाभोवती बसलो, म्हणजे तरंगलो, आणि तुझी पिठी खाल्ली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सगळे एकदम जेवलो, आई. एरवी जो तो आपलं पाकीट घेऊन कोपऱ्यात असतो."

मला वाटलं विजयाताई रागावतील. त्या मान हलवत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "बरं केलंस. त्यांच्याही आया लांबच आहेत."

अभयचं वजन त्या पिठीने वाढलं असा दावा मी करणार नाही. मी शास्त्राची माणूस आहे, इतक्या थोड्या पिठाने काही वाढत नाही. लिंडाने मात्र नंतर कळवलं की तो सगळ्यांबरोबर जेवायला लागला, ठरलेलं पाकीट संपवायला लागला आणि डॉक्टर निवांत झाले. पुढे तो सुखरूप खाली आला. भाट्याला आला तेव्हा मासेमारी सुरू होती. त्या दिवशीचं तिखलं त्याने पातेल्यातूनच खाल्लं असं काका सांगतात. मला बोलावणं होतं, मी पिठी खाऊन आले.

हा सगळा माल 'एका व्यक्तीसाठी' म्हणून मागवलेला होता आणि मी तो तसाच मोजून भरला. पॅकिंग चुकलं नाही, टिकाऊपणा चुकला नाही, वास चुकला नाही. संख्या चुकली. तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये मी एक नियम केलाय. घरचं जेवण पाठवायचं असेल तर आधी विचारायचं, तिथे एकूण माणसं किती आहेत.